थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. तिची साडेतीन वर्षांची लेक जेवायला बसली की तोंडाला कुलूप लावते. ते कुलूप कार्टूनशिवाय उघडत नाही, आणि कार्टून लावलं की भाचीला रात्री झोप लागत नाही. "मावशी, तू आम्हाला चिऊकाऊची गोष्ट सांगायचीस ना, अगदी तश्शीच रेकॉर्ड करून पाठव. निदान चार शब्द मराठी कानावर पडतील." म्हणजे मोबाईल काही ताटापुढून हलणार नव्हता. फक्त कार्टूनच्या जागी मावशीआजी लागणार होती. या वयात एवढी बढतीसुद्धा पुष्कळ झाली.

दुपारी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, घसा खाकरला. पहिल्या खेपेला शेजारच्यांच्या कुकरने तीन शिट्ट्या दिल्या. दुसऱ्या खेपेला मात्र छान लय लागली. एक होती चिऊ, एक होता काऊ. चिऊचं घर होतं मेणाचं, काऊचं घर होतं शेणाचं. एकदा काय झालं, मोठ्ठा पाऊस आला. काऊचं घर गेलं वाहून. काऊ आला चिऊच्या दारात. मी नाकातून आवाज काढत 'चिऊताई, चिऊताई, दार उघड' म्हटलं आणि आमच्या दारावरची बेल वाजली.

थांबवलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं आलं. म्हणून बसल्या जागेवरून ओरडले, "थांबा हं, आले!" आणि गोष्ट पुढे रेटली. थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. थांब, माझ्या बाळाचं अंग पुसू दे. थांब, माझ्या बाळाला अंगडं घालू दे. काजळ, तीट, दूध, पाळणा, सगळं यथासांग उरकून दार उघडलं, तर वरच्या मजल्यावरच्या काकू रिकामी बादली घेऊन अर्धा जिना चढून परत निघालेल्या. त्यांच्याकडचं पाणी गेलं होतं.

"राहू दे हो," त्या कठड्याला धरून म्हणाल्या, "तुमचं बाळाचं चाललंय ना. लेक आलीये का बाळंतपणाला?"

मला लेक नाही. हे काकूंना चांगलं माहीत आहे. पण बंद दारातून इतकं स्पष्ट ऐकू आल्यावर बाईने विश्वास तरी कशावर ठेवावा?

बादली भरून दिली, वर नेऊनही दिली. संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकायला बसले. मध्येच बेल, मग 'थांबा हं, आले', आणि त्यानंतर एक मिनिट चाळीस सेकंद बाळाचं कौतुक. ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेल. दाराच्या बाहेर उभं राहून मात्र पहिल्यांदा ऐकली.

मैत्रीच्या म्हणून ज्या गोष्टी आपल्याला लहानपणी पाजल्या जातात, त्यांत दगाफटका कसा ठळक असतो. अस्वल दिसताच एक मित्र दुसऱ्याला टाकून झाडावर चढतो. मगर रोज जांभळं खाते आणि एक दिवस माकडाचं काळीज मागते. सगळं उघडउघड. चिऊकाऊच्या गोष्टीत असं काही घडतच नाही. एक जण दार वाजवतो, दुसरी 'थांब' म्हणते. खलास. चिऊ एकदाही 'नाही' म्हणत नाही, हे लक्षात घ्या. 'माझ्याकडे जागा नाही' म्हणत नाही, 'तुझे पाय घाण आहेत' म्हणत नाही. तिची प्रत्येक सबब खरी आहे आणि सबबीच्या आड एक गोजिरवाणं बाळ आहे. बाळाच्या अंघोळीवर कोण काय बोलणार?

ही गोष्ट मला आजीने सांगितली. आमचं बिऱ्हाड तेव्हा नाशकात, सराफ बाजारामागच्या एका वाड्यात, दोन खोल्यांत. भिंती मातीच्या, त्यावर माती, भुसा आणि शेण कालवून केलेला गिलावा. जमीन दर शनिवारी शेणाने सारवायची. गल्लीच्या टोकाला गवळ्याचा गोठा होता. तिथून घमेल्यात शेण आणायचं काम आम्हा पोरींकडे. आजीचा हात असा काही फिरायचा की वाळल्यावर जमिनीवर बोटांच्या अर्धगोल कमानी एकसारख्या उमटायच्या, आणि मग उंबऱ्यापाशी रांगोळीची बारीक रेघ. त्या जमिनीवर गोधडी टाकून, शेणाचा तो थंड वास नाकात घेत, आम्ही रोज रात्री शेणाचं घर बांधणाऱ्या मूर्ख काऊला हसायचो. आपणही काऊच्याच घरात झोपलोय, हे आमच्या डोक्यात कधी आलं नाही. आजीच्या आलं असेल का? ती बाई खट होती, सांगता येत नाही. वाड्यात स्लॅबचं घर एकट्या मालकांचं होतं, आणि मालकीणबाई दाराची साखळी न काढता फटीतून बोलायच्या.

बरं, मेणाचं घर तरी कोणत्या शहाण्याने सुचवलं? मेण 62 ते 64 अंशांना वितळतं हे खरं, पण मऊ पडायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते. नाशकात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो. उन्हाळ्यात चिऊच्या भिंती पोट सुटल्यासारख्या बाहेर आल्या असत्या. त्यात ही बाई घरात चूल पेटवते. बाळाच्या अंघोळीला पाणी तापवते. मेणाच्या घरात! पांडवांनासुद्धा लाखेच्या घराचा वास आल्यावर भुयार खणावं लागलं होतं. आणि ज्या पावसात शेणामातीचं म्हणजे वाहून जाणारं, असं आम्ही पोरांना शिकवतो, त्याच पावसाचं पाणी नाशिककरांसाठी अडवून धरतं ते गंगापूर धरण. ते मातीचं आहे.

खऱ्या चिमणीचं घर कसं असतं हे वाड्यात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असतं. ते आपल्या घरात असतं. आजोबांच्या फोटोमागे, वाशाच्या बेचक्यात, मीटरच्या खोक्यावर. गवताच्या काड्या, सुतळी, कापूस, कोंबडीचं पीस, असा पसारा ती आणते आणि निम्मा आपल्या अंथरुणावर पाडते. भाडं नाही, पागडी नाही, वर पहाटे पाचला आरडाओरडा. घर खरं बांधतो तो कावळा. आमच्या सोसायटीसमोरच्या कडुनिंबावर दर वर्षी एक जोडपं घरटं करतं. काटक्या, झाडूचे हीर, तारेचे तुकडे. एकदा आमच्या दोरीवरचा तारेचा हँगर गेला, तो पंधरा दिवसांनी शर्टाविना फांदीवर दिसला. मागच्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात आमच्या पार्किंगचे दोन पत्रे उडाले, घरटं जागचं हललं नाही.

आणि आदरातिथ्याचं म्हणाल, तर कोकिळेला विचारा. ती काऊच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते. त्या वेळी तिचा नवरा, तोच तो काळा, ज्याचं गाणं आपण तिच्या नावावर खपवतो, शेजारी ओरडाओरड करून कावळ्यांना आपल्या मागे पळवत नेतो. मग दुसऱ्याचं पोर काऊ-काकू चोचीने घास भरवून मोठं करतात. ते पोर पुढे ओळखही दाखवत नाही. ज्याच्या घरात परक्याची पोरं मोठी होतात, त्याला आपण गोष्टीत दाराबाहेर उभं केलंय, आणि जी आयुष्यभर दुसऱ्याच्या वळचणीला राहिली, तिला मालकीण.

चिमणीवर माझा राग नाही, बरं का. उलट नाशिककर म्हणून तिच्याबद्दल थोडी जास्तच आपुलकी आहे. चिमण्या कमी व्हायला लागल्या तेव्हा त्यांच्यासाठी धडपडणारे मोहम्मद दिलावर आमच्या नाशिकचे. त्यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात. चिमणीला वर्षातून एक दिवस मिळाला. कावळ्याला आपण आधीच पितृपक्षाचा अख्खा पंधरवडा देऊन ठेवलाय, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण चिमणीची आता वेगळीच पंचाईत झाली आहे. नव्या इमारतींच्या भिंतींना भोकच नाही. पिल्लांना भरवायला अळ्या-किडे लागतात, ते फवारलेल्या बागेत मिळत नाहीत. मी गच्चीत सव्वा इंच भोकाची लाकडी पेटी टांगली आहे. एक चिमणी आली, आत डोकावली, बाहेर येऊन तारेवर बसली, पुन्हा डोकावली. जागा दाखवायला आणलेल्या गिऱ्हाइकासारखी. गेली ती आलीच नाही. सध्या पेटीत मुंग्या राहतात.

आता गोष्टीच्या शेवटाकडे येऊ, कारण तिथे फार घोटाळा आहे. एका घरात काऊ रात्रभर भिजतो आणि गोष्ट संपते. दुसऱ्या घरात चिऊ शेवटी दार उघडते, 'बैस हो चुलीपाशी' म्हणते, आणि काऊचं शेपूट भाजतं. हा शेवट पोरांना फार आवडतो. पोरं निर्दयच असतात. माझी आत्या तिसराच सांगायची. काऊला कोपऱ्यात जागा मिळते आणि मध्यरात्री अंधारात कुटूम कुटूम आवाज येतो. 'काऊदादा, काय खातोस रे?' 'काही नाही गं, लग्नातली सुपारी.' सकाळी बघतात तर चिऊचे चणे संपलेले. एकाच गोष्टीचे तीन शेवट, आणि तिन्हींत काऊच वाईट. भिजला तरी तोच, भाजला तरी तोच, जेवला तरी तोच. तरी घास भरवताना मात्र आधी 'हा घास काऊचा', मग चिऊचा. मूल जेवावं म्हणून काऊ लागतो. पाहुणे येणार हे कळायलाही काऊच लागतो. कठड्यावर बसून तो ओरडला की आई भाताचा एक वाटा वाढवायची. पाहुण्यांची वर्दी देणाऱ्याने स्वतः पाहुणा व्हायचं नाही, एवढाच नियम.

आजी गेली 1991 साली, पितृपक्ष उलटून महिनाभराने. दहावा रामकुंडावर केला. नाशिकचा माणूस दहाव्यासाठी दुसरीकडे जात नाही. बाहेरगावचे लोक इथे येतात. काकांचा मुंडण केलेला गोटा उन्हात चमकत होता. पत्रावळीवर भाताचे पिंड, दही. समोर विजेच्या तारेवर अकरा कावळे. मी मोजले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. त्यातला एकही खाली येईना.

पाऊण तास गेला. "काही इच्छा राहिली असेल हो म्हातारीची," गुरुजी म्हणाले. मग बोली सुरू झाल्या. काका म्हणाले, धाकट्याचं लग्न करून देऊ. काकू म्हणाल्या, तुमच्या पाटल्या मोडणार नाही. बाबा म्हणाले, दोघं भाऊ एकत्र राहू, जे ऐकून काकूंनी मान वळवली. कावळे तारेवरून आळीपाळीने मान वाकडी करून बघत होते. एकाने निवांत पंख विंचरायला घेतला.

आम्ही पोरी मागे पायऱ्यांवर उभ्या होतो. माझ्याशेजारी माझी वाड्यातली मैत्रीण. आजीची गोष्ट तिनेही माझ्याइतकीच ऐकली होती, एकाच गोधडीवर. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि नाकातून आवाज काढून म्हणाली, "थांब, माझ्या पिल्लाला अंघोळ घालू दे."

मला जे हसू फुटलं ते आवरेना. ओढणी तोंडात कोंबली, खांदे गदगदायला लागले. ती पुढे चालूच, "थांब, माझ्या पिल्लाला तीट लावू दे." दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. मागून कोणीतरी आमच्या पाठीवर हात फिरवला आणि दुसरीला म्हणालं, "नातींवर फार जीव हो म्हातारीचा." इकडे गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला होता. तेवढ्यात आत्या पुढे झाली, पदराखालून आजीची मिश्रीची डबी काढली आणि पत्रावळीशेजारी ठेवली. लगेच एक कावळा उतरला. दहीभाताचा मोठा घास घेतला, डबीवर दोनदा चोच मारून पाहिली, आणि गेला. काका हात जोडून त्याच्या पाठीकडे बघत उभे राहिले. साठ-सत्तर वर्षं ज्याला घरोघर दारात उभं केलं, त्याने पाऊण तास उभं केलं. हिशोब फार नाही निघाला.

ही मैत्रीण म्हणजे आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातली. आम्ही दोघींनी मिळून एक कैरी खायची म्हणजे फ्रॉकच्या टोकात गुंडाळून चिमणीच्या दातांनी तोडायची, म्हणजे उष्टं होत नाही. निम्मी वाटणी ठरलेली, पण तिचे दात पुढे असल्याने मोठा तुकडा नेहमी तिच्याकडे जायचा आणि ती तो मला द्यायची. याचं कारण औदार्य नाही. तिला कैरीपेक्षा मीठ-तिखट आवडायचं. लग्न होऊन ती नाशकातच, सिडको वसाहतीत गेली. मी आईजवळ वाड्यातच राहिले.

सप्टेंबर 2008. गोदावरीला पूर. नाशकात पुराचा आकडा कोणी क्युसेकमध्ये सांगत नाही. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं सांगतात. आजी असती तर 1969 च्या पुराशी ताडून पाहिलं असतं. तो तिचा लाडका पूर होता. सराफ बाजारात पाणी शिरलं, भांडी बाजारात शिरलं, आणि मग आमच्या बोळात. आधी गटारातून उलटं वर आलं, चहाच्या रंगाचं, त्यावर कोणाची तरी एक चप्पल गोल गोल फिरत होती. आईने देव्हाऱ्यातले देव पिशवीत घेतले, रेशनकार्ड घेतलं, आणि का कोण जाणे, मिक्सरचं भांडं घेतलं. मिक्सर वरच राहिला. मातीच्या भिंती खालून ओल्या होत गडद होत गेल्या. आम्ही निघालो.

रिक्षा मिळेपर्यंत चिंब झालो होतो. सिडकोत तिच्या दारापाशी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. लाइट नव्हती, बेल वाजेना. मी कडी वाजवली. आतून मगाने पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि एक लहान मूल बेंबीच्या देठापासून रडत होतं. तिचा सहा महिन्यांचा मुलगा. सकाळपासून वीज नाही म्हणून पाणी तापलं नव्हतं, त्यामुळे अंघोळ तीनला निघालेली. मी हाक मारली, "अगं, दार उघड!"

आता ती 'थांब' म्हणाली असती तर कोणीही तिला नाव ठेवलं नसतं.

दार उघडलं. गाउन गुडघ्यापर्यंत खोचलेला, कोपरापर्यंत फेस, डाव्या हातावर तो मुलगा, डाळीचं पीठ आणि साबण लागून मासळीसारखा बुळबुळीत. कडीवर तिच्या बोटांचा पांढरा फेस राहिला होता. तिने आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, काय झालं म्हणून विचारलंही नाही. "धर," म्हणाली आणि मूल माझ्या हातात दिलं. आईला दंडाला धरून आत नेलं. कपाट उघडल्याचा, साड्या ओढल्याचा आवाज. मी त्या घसरत्या पोराला छातीशी घट्ट धरून उंबऱ्यातच उभी. माझ्या अंगावरून गोदावरी ठिबकत होती आणि त्याच्या अंगावरून साबण. तो रडायचा थांबून माझ्याकडे संशयाने बघत होता. आतून ती ओरडली, "आता भिजलीच आहेस तर त्याच्या अंगावर दोन मग पाणी घालून घे! कोमट असेल तोवर!"

घातले.

तिथे आम्ही तेवीस दिवस राहिलो, आणि काऊ घरात आल्यावर कसा वागतो तेही दाखवलं. चौथ्या दिवशी आईने तिच्या मसाल्याच्या डब्यांची जागा बदलली. आठव्या दिवशी तिच्या सासूबाईंचं आणि आईचं चहातल्या आल्यावरून वाजलं. ती दोघींमध्ये आल्याचा तुकडा हातात घेऊन उभी. चणे कोणी खाल्ले ते सांगत नाही.

त्यानंतर वाडा गेला, आई गेली, मी गंगापूर रोडला या फ्लॅटमध्ये आले. बाराव्या मिनिटाला कोणीही पोचेल इतकं नाशिक आता राहिलेलं नाही, हे खरं. पण सिडको काही परदेशात नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. ती रात्री साडेनऊच्या सुमाराला फोन करायची, त्यांना झोपवून झाल्यावर. मी म्हणायची, "अगं जेवतेय, पाच मिनिटांत करते." "गाडीवर आहे." "उद्या लवकर उठायचंय गं." एकही सबब खोटी नव्हती. मी खरंच जेवत होते. आताच्या मोबाईलमध्ये तर सबबी तयारच असतात. फोन वाजला की खाली तीन-चार वाक्यं येतात, त्यातलं एक दाबायचं. चिऊला निदान दर वेळी नवीन काहीतरी सुचवावं लागायचं. मी काल आमच्या दोघींचे निरोप वर सरकवत गेले. माझ्याकडून 'करते' सात वेळा. शेवटची तारीख चार महिन्यांपूर्वीची. तिचं शेवटचं वाक्य, 'काही नाही गं, सहज.'

भाचीला रेकॉर्डिंग तसंच पाठवलं, बेलसकट. पोरीने म्हणे वाटीभर खिचडी संपवली. फक्त प्रत्येक घासाला तिला गोष्टीतला एकच तुकडा पुन्हा लावून हवा असतो, 'थांबा हं, आले' हा. काऊ, चिऊ, मेण, शेण कशाशीच तिला देणंघेणं नाही.

मग मी सिडकोला फोन लावला. साडेनऊ वाजायची वाट पाहिली नाही. सकाळचे अकरा, बाहेर पावसाची भुरभुर. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागे नळाचा आवाज.

"थांब, थांब, ठेवू नकोस," ती म्हणाली, "बाळाला अंघोळ घालतेय."

त्या साबणातल्या पोराला आता मिशा फुटल्या आहेत, तो कॉलेजात जातो. मी म्हटलं, कोणाचं बाळ? तर म्हणे, गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली एक कुत्र्याचं पिल्लू सापडलं, त्याचं नावच बाळ ठेवलं. हे मला माहीत नव्हतं. वर्षभर तिच्या घरात कुत्रा आहे आणि मला माहीत नव्हतं. तिने फोन बहुतेक मोरीच्या खिडकीत ठेवला, स्पीकर चालू करून. मगाने पाणी ओतल्याचा आवाज आला. "हलू नकोस रे मेल्या. हां, कान. दुसरा कान." मध्येच मला, "आहेस ना?" मी म्हटलं, आहे. पुन्हा पाणी. मग अंग पुसणं झालं. मग पावडर. कुत्र्याला पावडर लावतात हेही मला नवीन होतं. मी खुर्ची ओढून गच्चीच्या दारात बसले. समोर तारेवर एक कावळा भिजत बसला होता, पिसं फुगवून, चोच छातीत खुपसून.

तिकडे कुत्र्याने अंग झाडलं असावं, कारण फोनमध्ये एकदम सर कोसळल्यासारखं झालं आणि पाठोपाठ ती ओरडली, "अरे ए, पाऊस आहे बाहेर! दार उघडंच राहिलं वाटतं... गेला बघ जिन्यात! तू ठेवू नकोस गं, आलेच."